मंगळाला मुहूर्त लागतो

आमच्या एका स्नेह्यांच्या घरी गेल्या वैशाखात एकाच दिवशी दोन निकाल लागले. थोरल्या नातीचे स्थळ परत आले. मुलगा सुस्वभावी, घर सधन, पाहणे झालेले, पसंतीही कळवलेली. पण पत्रिका मांडली आणि तिच्यात मंगळ निघाला. हा पहिला निकाल. दुसरा त्याच संध्याकाळी लागला. धाकटी नात, वय वर्षे चौदा, महिनाभर आपल्या खोलीत संगणकासमोर बसून मंगळावर जायला शिकत होती. घरातले वातावरण तापलेलेच होते. आजोबांनी संगणकाची तार उपसली, कपाटात कोंडली आणि किल्ली कनवटीला लावली.

दुसऱ्या दिवशी आम्हाला बोलावणे आले. "तुम्ही जन्मभर गणित शिकवलेत. तिला दोन गोष्टी समजावून सांगा. दहावी दोन वर्षांवर आली आणि ही रात्रंदिवस विमाने उडवते!" आम्ही गेलो. तासाभरापुरती किल्ली मागून घेतली. कारण ज्याचा निषेध करायचा ते निदान एकदा डोळ्यांनी पाहावे, अशी आमची जुनी खोड आहे. त्या तासाचे पुढे आमच्या घरच्या संगणकावर दोन महिने झाले, ही गोष्ट आमच्या स्नेह्यांना अजून रुचलेली नाही. त्यांच्या दिवाणखान्यात चहा पिता पिता जे बोलता आले नाही ते इथे लिहितो. ऐन फराळाच्या ताटात भांडण वाढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगितले पाहिजे, कारण 'खेळ' या एका शब्दाने फार घोटाळा केला आहे. खेळ म्हटले की आजोबांच्या डोळ्यांपुढे गोळीबार, राक्षस, गुणांची बरसात आणि मेल्यावर परत मिळणारे प्राण येतात. 'ऑर्बिटर' नावाचा जो सिम्युलेटर आम्ही पाहिला, त्यात यातले काही नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संशोधन करणाऱ्या मार्टिन श्वाइगर यांनी तो लिहिला, २००० साली लोकांना फुकट दिला आणि २०२१ साली त्याची मूळ संहिताही खुली करून टाकली. त्यात सूर्य आहे, ग्रह आहेत, न्यूटनचे गुरुत्वाकर्षण आहे आणि तुमचे यान आहे. बस्स. शत्रू नाही आणि शाबासकीही नाही. दुसरा प्रकार 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'. तो मेक्सिकोत तयार झाला, २०११ साली प्रथम बाहेर आला आणि २०१५ साली पुरा झाला. त्यातली माणसे हिरवी व वाटोळ्या डोळ्यांची, आणि त्यांची पृथ्वी आपल्या पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाची. पोरे बहुधा या दुसऱ्यापासून सुरुवात करतात. ही मुलगीही तशीच आली. ती हिरवी माणसे पाहून आजोबांचा ग्रह वाकडा झाला असेल, तर त्यांना सगळा दोष देता येत नाही.

आता आमची फजिती. मुलीने यान आमच्या हाती दिले. आम्ही नाक आकाशाकडे करून इंजिन पेटवले आणि सरळ वर निघालो. आकाश काळे झाले, तारे दिसू लागले, आम्ही मनातल्या मनात नारळ फोडला. इंधन संपले. यान क्षणभर अधांतरी थांबल्यासारखे झाले आणि जिथून निघाले होते त्याच्या जवळपास येऊन आपटले. मुलगी अदबीने गप्प बसली होती. दुसऱ्यांदा आपटल्यावर म्हणाली, "आजोबा, तुम्ही वर जाताय. आडवं जायचं असतं."

वाचकहो, चाळीस वर्षे आम्ही फळ्यावर वर्तुळगती शिकवली. सूत्र झोपेत विचारा. वस्तू शंभर किलोमीटर उंच फेकायला, वाऱ्याचा विरोध सोडला तर, सेकंदाला दीड किलोमीटरचा वेग पुरतो. पण वर गेल्यावर वरच राहायचे असेल, तर सेकंदाला पावणेआठ किलोमीटरने आडवे धावावे लागते. म्हणजे अवकाशात जाण्याचे खरे काम उंचीचे नाही, आडव्या वेगाचे आहे. हे आम्हाला ठाऊक होते काय? होते. कळले होते काय? ते त्या संध्याकाळी, दोनदा आपटल्यावर कळले. आमच्या हाताखालून शेकडो मुले गेली. त्यांतल्या एकालाही आम्ही हे कळवले नव्हते. सूत्र तेवढे हाती दिले होते आणि गुण देऊन मोकळे झालो होतो.

पुढचा धडा याहून विलक्षण. आमच्या कक्षेत, आमच्या थोडे पुढे, एक दुसरे यान चालले होते. त्याला गाठायचे. आम्ही केले ते कोणीही करील; नाक त्याच्याकडे केले आणि वेग वाढवला. ते यान जवळ येण्याऐवजी हळूहळू खाली आणि दूर जाऊ लागले. अधिक जोर लावला, अधिक दूर गेले. कारण असे की वेग वाढवला म्हणजे तुमची कक्षा मोठी होते, मोठ्या कक्षेला फेरी पुरी करायला अधिक वेळ लागतो, आणि तुम्ही मागे पडता. पुढच्याला गाठायचे तर आपण वेग कमी करावा, खाली उतरावे, आतल्या लहान वाटेने पुढे जावे आणि मग वर यावे. रस्त्यावर मोटार हाकणाऱ्याला हे कसे पटावे?

नाही पटत. आणि ते कोणालाच सहजी पटत नाही. ३ जून १९६५ रोजी जेमिनी ४ यानातून गेलेल्या जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ जाण्यासाठी नेमके हेच केले. समोर दिसते आहे, तिकडे नाक करून जोर लावला. टप्पा लांब लांब गेला, इंधन भराभर उडाले, शेवटी नाद सोडावा लागला. मॅकडिव्हिट कसलेले वैमानिक होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जेमिनी ६-अ हे यान जेमिनी ७ च्या हातभर अंतरावर नेऊन उभे केले गेले, ते रीतसर गणित करून आणि जमिनीवरच्या सिम्युलेटरात घासून घासून सराव करून. जून महिन्यात एका कसलेल्या अंतराळवीराला जे उमगले नाही, ते आज चौदा वर्षांच्या पोरीला अंगवळणी पडले आहे. आणि आपण विचारतो की परीक्षेला याचा काय उपयोग!

पण आमचे स्नेही ज्यावर चिडले तो मंगळाचा प्रवास. त्याकडे वळतो.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटरने धावते, मंगळ बाहेरच्या अंगाने २४ किलोमीटरने. मंगळ आकाशात दिसतो तिकडे नाक करून निघालात, तर तिथे पोहोचाल तेव्हा मंगळ तिथे नसेल. म्हणून सगळ्यात कमी इंधनाची वाट काढावी लागते. ती वाट वॉल्टर होहमान नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९२५ साली, अग्निबाणांचे युग सुरू होण्यापूर्वी, कागदावर आखून ठेवली. ते अर्धे लंबवर्तुळ आहे. एक टोक पृथ्वीच्या कक्षेला टेकते, दुसरे मंगळाच्या. प्रवासाला सुमारे २५९ दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत यान सूर्याभोवती १८० अंश फिरते. मंगळाला पुऱ्या फेरीला ६८७ दिवस लागतात. मग २५९ दिवसांत किती अंश? १३६. उरले ४४. म्हणजे आपण निघू तेव्हा मंगळ आपल्यापुढे सुमारे ४४ अंश असला पाहिजे. हा आकडा त्या मुलीने आमच्यासमोर त्रैराशिकाने काढला. कोणी सांगितले नव्हते. आधी तीन वेळा ती भलत्या दिवशी निघाली होती, तीनही वेळा मंगळाच्या कक्षेवर पोहोचून तिला नुसता काळोख भेटला होता. चौथ्या वेळी वही काढली.

ही पृथ्वी-मंगळाची सांगड दर ७८० दिवसांनी, म्हणजे साधारण सव्वीस महिन्यांनी एकदा जमते. चुकली की बसा पुढल्या खेपेपर्यंत. मंगळाला मुहूर्त लागतो तो असा.

५ नोव्हेंबर २०१३ चा दिवस वाचकांना आठवत असेल. भाऊबीज होती आणि वारही मंगळवार होता. दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून आपले मंगळयान निघाले. घरोघर ओवाळणीची तबके बाजूला ठेवून लोक दूरदर्शनसमोर बसले होते, आणि आमच्या या स्नेह्यांच्याच दिवाणखान्यात एक वृद्ध गृहस्थ मान डोलावून म्हणाले, "मंगळवारी मंगळाकडे! काय मुहूर्त साधलाय!" आम्हीही तेव्हा माना डोलावल्या. आज त्या डोलावलेल्या मानेची लाज वाटते. उड्डाण मुळात २८ ऑक्टोबरला ठरले होते. यानाच्या मागावर राहण्यासाठी दक्षिण प्रशांत महासागरात जी जहाजे जायची होती, त्यांतले एक खराब हवेमुळे वेळेवर पोहोचले नाही, म्हणून ते पुढे गेले. वाराचा संबंध एवढाच. खरा मुहूर्त होता नोव्हेंबरअखेरचा, पृथ्वीची कक्षा सोडण्याचा, आणि तो एका दिवसानेही लांबवण्याची सोय कोणाच्या हातात नव्हती.

त्या नोव्हेंबरात काय चालले होते, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले? आपला अग्निबाण लहान. यानाला थेट मंगळाच्या वाटेला लावण्याची त्याची ताकद नव्हती. तेव्हा यान आधी पृथ्वीभोवतीच लांबट कक्षेत सोडले आणि दर वेळी ते पृथ्वीच्या अगदी जवळून जाऊ लागले की तेवढ्यात इंजिन पेटवून कक्षेचे दूरचे टोक आणखी लांब ढकलले. ११ नोव्हेंबरला डाव फसला. टोक एक लाख किलोमीटरपर्यंत जायचे ते अठ्ठ्याहत्तर हजारांवरच अडकले. दुसऱ्या दिवशी जास्तीचा जोर लावून ती तूट भरून काढली. अखेर १ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर बावीस मिनिटे इंजिन जळले आणि यानाने पृथ्वीचा निरोप घेतला.

पृथ्वीच्या जवळच का पेटवायचे? दूर गेल्यावर, ओढ कमी झाल्यावर पेटवले तर सोपे नाही का जाणार? आम्हाला तसेच वाटले होते. मुलीने दोन्ही करून दाखवले. पृथ्वीजवळच्या कक्षेतून आधी नुसते सुटून जायचे आणि मग मोकळ्या आकाशात मंगळाच्या वाटेचा वेग घ्यायचा, तर एकूण खर्च सेकंदाला सुमारे ६.१ किलोमीटरचा येतो. तेच सगळे काम पृथ्वीच्या कुशीत, सर्वांत जोरात धावत असताना एका दमात उरकले, तर ३.६ मध्ये भागते. यान वेगात असताना दिलेला तोच धक्का त्याच्या पदरात अधिक ऊर्जा टाकतो. आम्ही कागदावर पडताळले, आकडे बरोबर. मंगळयानाच्या त्या महिनाभराच्या घिरट्या काय होत्या, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी, त्या पोरीच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसून समजले.

२४ सप्टेंबर २०१४ ची सकाळही आठवा. जवळजवळ तीनशे दिवस झोपलेले मुख्य इंजिन. दोन दिवस आधी चार सेकंद पेटवून त्याची नाडी पाहिलेली. आता चोवीस मिनिटे पेटून सेकंदाला १.१ किलोमीटरने वेग कमी करायचा. नाही पेटले तर यान मंगळाला वळसा घालून सूर्याभोवती कायमचे भटकत राहील. मधल्या वेळात यान मंगळाच्या आड, आणि खबर येणार ती बारा मिनिटे शिळी. आपण टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. वाटावेत; पहिल्याच प्रयत्नात मंगळाची कक्षा गाठणारा पहिला देश आपलाच. पण ती चोवीस मिनिटे कशासाठी होती, हे न कळता वाटलेले पेढे शेजाऱ्याच्या मुलाच्या बारशाचे. या मुलीने मात्र तो ब्रेक सहा वेळा चुकवला आहे. तीन वेळा उशीर झाला, दोनदा घाई झाली, एकदा यान उलटे वळवायलाच विसरली. तिला त्या सकाळची चित्रफीत दाखवली तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. ओढणीचे टोक दातांत धरून बसली होती.

आता आमच्यावर चाल करून येतील ते आमचेच जातभाई, म्हणजे गणिताचे आणि भौतिकाचे मास्तर. ते म्हणतील, आधी समीकरणे शिका, मग खेळणी हाती घ्या. आम्ही चाळीस वर्षे हेच म्हणत आलो. त्याचे फळ काय? मुले समीकरण घोकतात, परीक्षेत ओततात आणि रिकामी होतात. एकक लिहायला विसरला तर आम्ही अर्धा गुण कापायचो, आणि मुलाला वाटे, मास्तर चिकट आहे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाशी पोहोचता पोहोचता नाहीसे झाले; एका गटाने जोराचे आकडे पौंडांत दिले होते, दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये धरले, आणि यान ठरल्यापेक्षा फार खालून, वातावरणात शिरले. अर्धा गुण! सिम्युलेटरात मुलगी मीटर आणि किलोमीटर यांत एकदाच घोटाळा करते. निघताना सेकंदाला एक मीटरची चूक, म्हणजे रमतगमत चालण्याइतकी, साध्या गुणाकारानेसुद्धा २५९ दिवसांत बावीस हजार किलोमीटरची होते. मंगळाचा सगळा व्यास सहा हजार आठशेच्या आत. हा गुणाकार तिने आमच्या सांगण्यावरून नव्हे, मंगळ तीनदा हुकल्यावर, रागाने केला. रागाने केलेले गणित जन्मभर राहते.

दुसरे आक्षेपक म्हणतात, हे सारे खोटे आहे, चुकले तर काय बिघडते? अहो, चुकले तरी बिघडत नाही हाच तर त्याचा गुण! आमच्या शाळेत चूक ही लाल शाईची गोष्ट आहे. मूल तिला लपवायला शिकते. चंद्रावर उतरण्याच्या मोहिमेच्या तोंडावर, १९६९ च्या जुलैत, ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाची शेवटची तालीम चालली होती. तालमीच्या चालकांनी मुद्दाम संगणकाची एक धोक्याची सूचना उठवली. मार्गदर्शन अधिकारी स्टीव्ह बेल्स यांनी उतरणे रद्द करायला लावले. चूक होती, त्या सूचनेला रद्द करण्याची गरज नव्हती. तालमीत चुकले म्हणून त्या सगळ्या सूचनांची यादी करून बसले, कोणती आली तर थांबायचे आणि कोणती आली तर पुढे जायचे. २० जुलैला खऱ्या चंद्राकडे उतरताना त्याच जातीची सूचना आली, आणि बेल्स यांनी पुढे जायला सांगितले. तालमीतला तो नापास दिवस नसता, तर आर्मस्ट्राँग कदाचित चंद्राच्या दारावरून परत आले असते.

खोटे म्हणायचेच असेल, तर आमच्या मते खोटे दुसरीकडे आहे, आणि तिकडे आमचे स्नेही आनंदाने जातात. मोठ्या दुकानांच्या इमारतीत 'मंगळाची सफर' म्हणून खोकी ठेवलेली असतात. पैसे भरा, पट्टा बांधा, खुर्ची गदगदा हलते, तांबडी जमीन येते, पाच मिनिटांत बाहेर. एका शाळेत वार्षिकोत्सवाला अशीच एक 'अवकाश प्रयोगशाळा' मांडली होती. मुलाने बटण दाबायचे, यान मंगळावर. आम्ही विचारले, "चुकीचे बटण दाबले तर?" व्यवस्थापक अभिमानाने म्हणाले, "चुकीचं बटणच ठेवलेलं नाही!" या खोक्यासाठी नातवंडांना सुटीच्या दिवशी नेतात, फोटो काढतात, आणि जिथे चुकीची हजार बटणे आहेत त्या यंत्राची तार कपाटात जाते.

आमच्या बाजूचे उणे लपवून ठेवायचे नाही. ऑर्बिटरबरोबर जे यान सुरुवातीला हाती येते, ते 'डेल्टा ग्लायडर', कल्पनेतले आहे. त्याच्या इंजिनाइतके उदार इंजिन आज जगात कोणाकडे नाही, आणि इतक्या श्रीमंतीत मूल उधळे होते. काही दिवसांनी ते काढून घ्यावे आणि गरीब यान द्यावे. दुसरे असे की त्यात काळ हजारो पटींनी पळवता येतो. आठ-नऊ महिन्यांचा प्रवास जेवणाचे पान वाढून होईपर्यंत संपतो. त्या महिन्यांचा कंटाळा, धास्ती, शरीराची झीज यांतले काही त्यात नाही. आणि मुलगी रात्री दोनपर्यंत जागते हा आजोबांचा आरोप खरा आहे, हे आम्ही तिच्यासमोरच कबूल केले. दहाला यंत्र बंद, असा तह झाला. तो ती पाळते. तो आम्ही मात्र दोनदा मोडला आहे.

आणि आता त्या पहिल्या निकालाविषयी, जो या लेखात आणू नये असे आम्हाला एकाने सुचवले होते.

लग्नी, चौथा, सातवा, आठवा किंवा बारावा, या घरांपैकी कुठेही मंगळ असला की पत्रिका मंगळाची, असा आपल्याकडचा हिशेब. बारातली पाच घरे झाली. म्हणजे शंभर मुलामुलींतली चाळिसाहून अधिक या ना त्या घरच्या मंगळाने डागाळलेली! इतक्या लोकांना जो दोष लागतो तो दोष म्हणायचा की वहिवाट? आणि हा हिशेब ज्या महाराष्ट्रात चालतो, त्याच महाराष्ट्रात टिळकांचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली 'ग्रहसाधनांची कोष्टके' मराठीत छापली. ग्रह आकाशात दिसतो तिथेच पंचांगातही दिसला पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट होता. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली आपल्या ज्योतिषशास्त्राचा सारा इतिहास मराठीत लिहून काढला. या माणसांनी ग्रह मोजले. आपण त्यांची आसने मोजणारी घरे तेवढी ठेवली आणि मोजणे सोडून दिले.

केप्लरला याच मंगळाने छळले. टायको ब्राहेच्या वेधांशी त्याचे वर्तुळाचे गणित आठ कलांनी जुळेना. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, चालायचेच. याने वर्तुळच टाकून दिले आणि १६०९ साली लंबवर्तुळ जगापुढे ठेवले. ज्या वाटेने मंगळयान गेले ती वाट त्या आठ कलांतून निघाली. मंगळ वक्री आहे, कडक आहे, हे म्हणणाऱ्याला आमची हरकत नाही; फार कडक परीक्षक आहे तो. पण त्याच्यासमोर जाऊन बसायला तयार असलेल्या मुलीची तार काढून घ्यायची, आणि त्याला कधी दुर्बिणीतूनही न पाहिलेल्या गृहस्थाच्या कागदावरून तिच्या बहिणीचा संसार अडवायचा, याला आम्ही घराणेदारपणा म्हणणार नाही. स्नेह्यांना हे वाचून राग येईल. येऊ द्या. त्यांच्याकडे लाडू चांगले होतात. दोन-चार पाडवे हुकतील.

मागच्या पंधरवड्यात धाकटी आमच्याकडे आली तेव्हा थोरली तिला सोडायला आली होती. दारातून परत जायची ती आत डोकावली. पडद्यावर मंगळ रुपयाएवढा झाला होता आणि वाढत होता. "हाच का तो!" ती म्हणाली, आणि आम्ही पुढे केलेले स्टूल न घेता मागे उभी राहिली. धाकटीने यान उलटे वळवले. आकडे उतरू लागले. आम्ही श्वास धरला होता. इंजिन पेटवायला तिला बहुधा मिनिटभर उशीर झाला; कक्षा काही मिटेना, मंगळ मोठा झाला, बाजूने सरकला आणि पाठीमागे लहान होत गेला.

"आता?" थोरलीने विचारले.

"आता काही नाही. पुढचा मुहूर्त सव्वीस महिन्यांनी."

"मग पळव की महिने," थोरली म्हणाली, आणि तिने स्टूल ओढून घेतले. आम्ही चहा ठेवायला आत गेलो.